दलाल यंत्र झाला, तरी सौदा उघडाच हवा

कोल्हापूरच्या गूळ बाजारात सौदा निघतो तेव्हा ज्याचा माल असतो तो बहुधा बोलत नाही आणि ज्याच्या घरी तो गूळ अखेरीस जाणार असतो तो तेथे हजरही नसतो. गुऱ्हाळावरून आलेले रवे अडत दुकानापुढे मांडले जातात. शेतकऱ्याच्या वतीने अडत्या सौदा काढतो, आणि गुजरातसारख्या दूरच्या पेठेकडे माल पाठविणारा व्यापारी बोली लावतो. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली. तेव्हापासून दुसऱ्याच्या वतीने घासाघीस करणे हा या शहरात एक मान्य व्यवसाय आहे. त्याला नाव आहे, मोबदला आहे, रीतिरिवाज आहेत आणि त्याविषयीच्या तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत. तेव्हा आपला सौदा दुसऱ्याने करावा यात कोल्हापूरकराला नवल वाटण्याचे कारण नाही. नवल आहे ते एवढेच की, हा दुसरा यापुढे माणूसच असेल असे नाही.

आपल्या धन्याच्या वतीने माहिती काढणे, भाव विचारणे, घासाघीस करणे आणि करार पुरा करणे ही कामे स्वतंत्रपणे करणारे संगणकी एजंट आता प्रयोगशाळेबाहेर पडले आहेत. वॉलमार्ट या अमेरिकी व्यापारी कंपनीने २०२१ मध्ये आपल्या लहान पुरवठादारांशी बोलणी करण्याचे काम प्रयोगादाखल अशा यंत्रावर सोपविले आणि शंभरातील सुमारे ६४ पुरवठादारांशी त्याचा करार जमला. निरनिराळ्या कंपन्यांच्या एजंटांनी परस्परांशी कसा संवाद साधावा याची नियमावली गूगलने एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपल्याकडे युपीआयची व्यवस्था पाहणाऱ्या महामंडळाने यंत्राकरवी खरेदी व रक्कम अदा करण्याची चाचणी जाहीर केली. विम्याचा हप्ता, आगगाडीचे तिकीट, महाविद्यालयातील प्रवेश, गुळाचा भाव यांपैकी काहीही उद्या दोन यंत्रांच्या संभाषणातून ठरू शकेल.

या यंत्रदलालांविषयी जी भीती सर्वत्र बोलून दाखविली जाते, ती त्यांच्या आज्ञाभंगाची आहे. यंत्रे आपसांत भांडतील, माणसावर उलटतील, अशा कल्पना चित्रपटांनी लोकप्रिय केल्या आहेत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर अधिक सयुक्तिक भीती याच्या अगदी उलट आहे. या दलालांचे आपसांत फार चांगले जमेल, आणि ज्यांच्यासाठी ते सौदा करावयास बसले त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही, ही ती भीती होय.

दरवाजा आणि दलाल

संगणकाकडून काम करून घेणे आणि संगणकाला दलाल नेमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राधानगरी धरणाचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होईल. या धरणास सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशयाची पातळी ठराविक मर्यादेवर गेली की दरवाजा आपोआप उघडतो आणि पातळी उतरली की मिटतो. दरवाजा आपले काम चोख बजावतो. परंतु खाली राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि शेजारच्या धरणाला ‘तू जरा थांब, आधी मला सोडू दे’ असे तो सांगू शकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांचीही रेषा मागे टाकली, तेव्हा अलमट्टीतून किती पाणी सोडावे याची बोलणी दोन राज्यांच्या शासनकर्त्यांना आणि अधिकाऱ्यांनाच करावी लागली.

आता अशी कल्पना करावी की, प्रत्येक धरणासाठी एकेक संगणकी एजंट नेमला आहे. प्रत्येकाला आपल्या जलाशयाची माहिती आहे, आपल्या लाभक्षेत्राचे हित सांभाळण्याची आज्ञा आहे आणि इतरांशी निरोपांची देवघेव करण्याची मुभा आहे. सर्वांवर हुकमत चालविणारा कोणी मध्यवर्ती अधिकारी नाही. जे ठरावयाचे ते देवाणघेवाणीतून ठरावयाचे आहे. संगणकशास्त्रात जिला ‘मल्टी-एजंट’ म्हणजे बहुएजंट व्यवस्था म्हणतात, ती हीच. तिच्यात प्रत्येक घटकाचे ज्ञान अपुरे आणि हित वेगळे असते. तथापि एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते. ज्ञान अपुरे, हित वेगळे आणि गरज परस्परांची, हे वर्णन बाजारपेठेचे आहे, सहकारी संस्थेचे आहे आणि लोकशाहीचेही आहे. म्हणूनच हा विषय केवळ संगणक अभियंत्यांचा राहत नाही.

निविदा आणि जशास तसे

या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांनीही आपल्या कल्पना बाजारातूनच उचलल्या. रीड स्मिथ या संगणकशास्त्रज्ञाने १९८० साली मांडलेली पद्धत कोणत्याही कचेरीतील कारकुनाला सहज ओळखता येईल. ज्या यंत्राकडे काम जास्त झाले आहे ते इतरांना त्या कामाची सूचना देते. बाकीची यंत्रे स्वतःच्या हातातील काम पाहून देकार पाठवितात. पहिले यंत्र त्यांतील सर्वांत सोयीचा देकार स्वीकारते. ही सरळसरळ निविदा आहे. फरक एवढाच की, येथे सूचना, देकार आणि मंजुरी हे तिन्ही सोपस्कार क्षणार्धात उरकतात.

परंतु निविदेने प्रत्येक प्रश्न सुटत नाही. जेथे दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतल्यास दोघांचाही लाभ होतो, पण एकट्याने दगा दिल्यास त्याचा अधिक लाभ होतो, तेथे सहकार्य टिकावे कसे? मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी याच सुमारास संगणकी कार्यक्रमांची एक स्पर्धा भरविली. १४ स्पर्धकांनी धाडलेले कार्यक्रम एकमेकांशी पुनःपुन्हा खेळविण्यात आले आणि त्यांत ॲनातोल रॅपोपोर्ट यांचा सर्वांत छोटा कार्यक्रम पहिला आला. त्याचे नाव मराठीत सांगावयाचे तर ‘जशास तसे’. पहिली चाल सहकार्याची खेळावी आणि त्यापुढे समोरचा जे करील तेच करावे, एवढाच त्याचा नियम. दुसऱ्या स्पर्धेत ६२ कार्यक्रम आले. त्यांना पहिल्या स्पर्धेचा निकाल ठाऊक होता, तरीही विजयी ठरला तो ‘जशास तसे’च. पुन्हा भेट होणार आहे ही खात्री असली की, स्वार्थी यंत्रांतही सहकार्य रुजते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष.

ऊस पट्ट्यातील वाचकाला हे सारे क्रमपाळीच्या भाषेत अधिक लवकर उमगेल. कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली असते, तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात, आणि प्रत्येक शेतकऱ्याला आपलेच शेत आधी मोकळे व्हावे असे वाटते. क्रमपाळी पाळली तर सर्वांचे भले होते, मोडली तर मोडणाऱ्याचे भले होते. म्हणूनच तोडणीच्या हंगामात टोळीला द्यावयाची ‘खुशाली’ आणि वाहनचालकाची ‘एंट्री’ हे शब्द गावोगाव ऐकू येतात. लागणीची तारीख, उसाची पक्वता, टोळ्यांची संख्या, रस्त्यांची अवस्था आणि गव्हाणीपुढील वाहनांची रांग यांचा मेळ घालून हजारो शेतांचा क्रम रोजच्या रोज लावणे हे माणसाच्या आवाक्याबाहेरचे गणित आहे. परस्परांशी बोलणाऱ्या यंत्रांना ते सहज साधावे. अशा कामात त्यांचा लाभ नाकारणे हा निव्वळ दुराग्रह ठरेल.

रुमालाखालचे हात

लाभ मान्य केल्यावर प्रश्न राहतो तो सौद्याचा. क्रमपाळी लावताना सर्व एजंट एकाच कारखान्याचे असतात. सौद्यात मात्र एकाचा लाभ ती दुसऱ्याची तूट असते. या ठिकाणी भारतीय बाजारपेठांचा एक जुना अनुभव आठवणे उपयुक्त होईल. देशातील अनेक पेठांत पूर्वी भाव ठरे तो रुमालाखाली. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगत. माल ज्याचा, तो शेतकरी दोन हातांवर बसलेला असे. पण कोणी किती देऊ केले आणि त्याचा माल कोणत्या बोलीवर तुटला हे त्याला कळण्यास मार्ग नसे. दोन दलालांमध्ये संवाद होता, समझोता होता, सहकार्यही होते. फक्त ते शेतकऱ्याच्या दृष्टीआड होते. बाजार नियंत्रणाच्या कायद्यांनी पुढे हा प्रकार निषिद्ध ठरविला आणि उघड लिलाव बंधनकारक केला, तो याच कारणासाठी.

यंत्रांच्या संभाषणावर असा रुमाल मुद्दाम पांघरावा लागत नाही. तो मुळातच पडलेला असतो. कॅल्व्हानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःच्या अनुभवातून शिकणाऱ्या दोन यंत्रांवर त्यांनी भाव ठरविण्याचे काम सोपविले. आपसांत संगनमत करावे असे त्यांना कोणी सांगितले नव्हते, त्यांच्यात निरोपांची देवघेवही नव्हती. तरी काही काळाने दोघांचेही भाव स्पर्धेच्या पातळीहून वर जाऊन स्थिरावले. एकाने भाव उतरविलाच तर दुसरा काही काळ भाव पाडून त्यास शिक्षा करी आणि मग दोघे पूर्वपदावर येत. ‘जशास तसे’ हा नियम सहकार्य रुजवितो, हे ॲक्सेलरॉड यांनी दाखविले होते. विक्रेत्यांनी आपसांत केलेले असे सहकार्य गिऱ्हाइकाच्या खिशातून भागविले जाते, हे या प्रयोगाने दाखविले. जर्मनीतील पेट्रोल पंपांच्या दरांचा जो अभ्यास झाला त्यातही हीच खूण आढळली. जेथे दोनच पंप समोरासमोर होते आणि दोघांनीही दर ठरविणारी यंत्रे स्वीकारली, तेथे नफ्याचे प्रमाण लक्षणीय वाढले.

कधीकधी या यंत्रांचा मूर्खपणाही उद्बोधक असतो. २०११ साली ॲमेझॉनवर माशीच्या शरीररचनेच्या विकासावरील एका शास्त्रीय पुस्तकाची किंमत २ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेली होती. दोन विक्रेत्यांच्या यंत्रांपैकी एक आपली किंमत दुसऱ्याच्या ०.९९८ पट ठेवी, तर दुसरे पहिल्याच्या १.२७ पट. या दोन अंकांचा गुणाकार एकापेक्षा मोठा येतो, म्हणजे प्रत्येक फेरीला किंमत सुमारे सव्वापट होणार, हे शाळकरी मुलालाही सांगता आले असते. परंतु प्रत्येक यंत्राला फक्त आपला गुणक ठाऊक होता. गुणाकार पाहणारे कोणी नव्हते. पुस्तकाच्या बाबतीत ही करमणूक ठरली. कांद्याच्या किंवा औषधाच्या बाबतीत ती करमणूक राहणार नाही.

हुशार दलाल कोणाचा?

दुसरा प्रश्न विषमतेचा आहे. सौद्याला बसणाऱ्या दोन दलालांपैकी एकाजवळ देशभरातील पेठांचे भाव, आवक, साठा आणि समोरच्या माणसाची निकड यांची बित्तंबातमी असेल, आणि दुसऱ्याजवळ मोबाइलवर फुकट मिळालेला एक साधा मदतनीस असेल, तर त्यांच्यातील बोलणी बरोबरीची कशी होणार? यंत्रे डावपेचही शिकतात. फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ साली दोन यंत्रांना काही वस्तू आपसांत वाटून घेण्याची घासाघीस शिकविली. तेव्हा ज्या वस्तूची मुळीच गरज नाही तिच्यासाठी आधी हटून बसावयाचे आणि मग मोठा त्याग केल्याचे भासवून ती सोडावयाची, ही युक्ती यंत्राने आपणहून आत्मसात केली. मंडईत भाजी घेणाऱ्या गृहिणीला ही युक्ती नवी नाही. परंतु तेथे विक्रेता आणि गृहिणी एकमेकांचा चेहरा पाहू शकतात, उद्या पुन्हा भेटणार असतात, आणि दोघांनाही हा खेळ सारखाच अवगत असतो.

फुकट मिळणाऱ्या दलालाविषयी आणखी एक शंका रास्त ठरते: त्याचे पोट कोण भरतो? अडत्याच्या व्यवसायातील जुना पेच नेमका हाच होता. तो शेतकऱ्याचा प्रतिनिधी म्हणविला जाई आणि अडतही शेतकऱ्याकडूनच घेई. परंतु शेतकरी वर्षातून एकदोनदा भेटणारा आणि व्यापारी रोजचा. शिवाय शेतकऱ्याने त्याच्याकडून उचल घेतलेली असे, त्यामुळे दुसऱ्याकडे जाण्याची सोय नसे. महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला यांच्या व्यवहारांतील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. त्याने शेतकऱ्याचा खर्च वाचला, पण दलाल कोणाचा हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. जो पैसा देतो त्याचेच हित दलाल पाहणार, हा संशय माणसाबद्दल जितका योग्य, तितकाच यंत्राबद्दलही योग्य आहे. खरेदी करणाऱ्या कंपनीनेच शेतकऱ्याला ‘तुझा भाव ठरवावयाला हा घे मदतनीस’ असे म्हणून जे यंत्र दिले, ते कोणाच्या बाजूने बोलेल हे सांगावयास पंडित नको.

कायद्याचे जुने शहाणपण

या प्रश्नांना उत्तरे शोधण्यासाठी कायद्याची अगदी कोरी पाटी घेऊन बसावे लागणार नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंट आणि त्याचा धनी यांच्या संबंधांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. एजंटाने धन्याला हिशेब दिला पाहिजे. धन्याच्या व्यवहारात धन्याला न कळविता स्वतःच्या खात्यावर सौदा केल्यास त्यातून झालेला लाभ धनी मागू शकतो. ही तत्त्वे त्यात दीडशे वर्षांपूर्वीच नोंदली गेली. अडचण एवढीच की, त्या कायद्याने एजंट म्हणून ‘व्यक्ती’ गृहीत धरली आहे आणि यंत्र ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नव्हे. ही उणीव २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने काही अंशी भरून काढली आहे. एखाद्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी योजलेल्या यंत्रणेने पाठविलेला निरोप हा त्या माणसाचाच निरोप मानावा, असे त्यात म्हटले आहे. ‘यंत्राने केले, मी नव्हे’ ही सबब त्यामुळे चालणार नाही. धनी धन्याच्या जागी राहतो, हे ठीकच झाले.

खरी उणीव आहे ती संगनमताच्या बाबतीत. २००२ च्या स्पर्धा कायद्याने ‘करार’ या शब्दाची व्याख्या पुष्कळ व्यापक केली आहे. लेखी नसलेला समझोताही तीत बसतो. तथापि समझोता होण्यासाठी दोन मने लागतात. ओला आणि उबर यांच्या भाड्याचे आकडे यंत्र ठरविते, त्यामुळे चालकांमधील स्पर्धा संपते, अशी तक्रार स्पर्धा आयोगापुढे आली होती. चालकांमध्ये आपसांत काही करार झाल्याचे दिसत नाही, या कारणाने आयोगाने २०१८ मध्ये ती फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो निर्णय कायम केला. त्या प्रकरणापुरता निर्णय योग्य असेल. परंतु कोणीही करार न करता, कोणाचाही दुष्ट हेतू नसता, केवळ अनुभवातून शिकलेली यंत्रे भाव चढे ठेवू शकतात असे जर प्रयोगांतून दिसते, तर हेतू शोधणारा कायदा तेथे रिकाम्या हाताने परतणार हे उघड आहे. अशा ठिकाणी हेतूपेक्षा परिणाम तपासावा लागेल.

बाजाराचे नियम लाभ पाहूनच रचावे लागतात, हा विचार अर्थशास्त्राला नवा नाही. विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये लिलावाची एक रीत अभ्यासली. बंद लिफाफ्यात सर्वांत मोठी बोली लावणाऱ्यास वस्तू मिळावी, पण त्याने रक्कम मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी द्यावी. या रीतीत आपली खरी किंमत लपविण्यात कोणाचाच फायदा राहत नाही. १९९६ साली विकरी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुएजंट व्यवस्थेचे अभ्यासक नेमके हेच सूत्र पुढे नेत आहेत. यंत्राला सचोटीचे धडे देत बसण्यापेक्षा खोटे बोलून लाभ होणार नाही असा बाजार रचावा, हे त्यांचे म्हणणे ग्राह्य आहे. फक्त तो बाजार कोणी रचावयाचा, हे त्यांच्या शास्त्रात बसत नाही. ते समाजाने ठरवावयाचे असते.

सहकाराचे नवे काम

या ठिकाणी कोल्हापूरच्या अनुभवाला महत्त्व येते. दोन म्हशी बाळगणारा शेतकरी मुंबईच्या दूध बाजाराशी एकटा घासाघीस करू शकत नव्हता. म्हणून १९६३ साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ उभा राहिला. आज ‘गोकुळ’ या नावाने तो परिचित आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर हजारो दुबळ्या विक्रेत्यांनी मिळून एक समर्थ एजंट नेमला आणि त्याची मालकी स्वतःकडे ठेवली. साखर कारखान्यांमागील तत्त्वही तेच.

माहितीच्या यंत्रणेचाही या जिल्ह्याला पूर्वानुभव आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांत केंद्र व राज्य शासन आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू केला. जगभरची माहिती गावात येईल, असे त्या वेळी बोलले गेले. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्या केंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन आणि खते यांसाठी केला. पुढे २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेथे प्रयोग केला, तेव्हा तीच माहिती साध्या मोबाइलवरील संदेशांनी अधिक स्वस्तात पोहोचू शकते असे दिसून आले. यातून दोन बोध निघतात. यंत्र महाग आणि दिमाखदार असण्याची गरज नसते, हा एक. आणि शेतकऱ्याला हवी असते ती स्वतःच्या व्यवहाराची खरी माहिती, हा दुसरा.

म्हणून यंत्रदलाल येणारच असतील, तर लहान शेतकऱ्याचा, कारागिराचा, रिक्षाचालकाचा दलाल त्याच्या सहकारी संस्थेचा असावा. एकेकट्याने मोबाइलवर फुकटचा मदतनीस घेऊन बड्या खरेदीदाराच्या यंत्रापुढे उभे राहण्याने एकेकटेपणाचा तोटा वाढेल. शंभर गावांच्या वतीने बोलणाऱ्या, ज्याचे नियम वार्षिक सभेत मांडले जातात आणि ज्याचा हिशेब सभासदाला मागता येतो, अशा यंत्राची गोष्ट वेगळी. अर्थात सहकारी संस्था म्हणजे रामराज्य नव्हे. ज्या जिल्ह्यात क्रमपाळी लिहिलेली असूनही ‘खुशाली’ चालते आणि वजनकाट्याविषयीच्या तक्रारी दर हंगामाला उठतात, त्या जिल्ह्यात हे वेगळे सांगण्याची गरज नाही. काटा खोटा असेल तर त्यावर विसंबलेला दलाल कितीही हुशार असून व्यर्थ. तरीही सहकारी संस्थेत निवडणूक असते, सभा असते, प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. परदेशातील कंपनीच्या यंत्राला प्रश्न विचारावयास सभासदाने कोठे जावे?

पट्टी मागण्याचा हक्क

बाजार समितीत माल विकला की शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. वजन किती, भाव काय, कपात कशाची, हे तीत लिहिलेले असते. यंत्राच्या सौद्यालाही अशी पट्टी असली पाहिजे. दलाल कोणाचा, त्याला पैसे कोण देतो, त्याला किती मर्यादेपर्यंत भाव मान्य करण्याचा अधिकार होता, कोणकोणते देकार आले आणि त्यांतील कोणता का स्वीकारला, एवढे सामान्य माणसाला समजेल अशा मराठीत त्याच्या हाती आले पाहिजे. एकाच कंपनीचे यंत्र दोन्ही बाजूंनी सौद्याला बसता कामा नये. बसलेच तर ते दोघांनाही आधी सांगितले पाहिजे. ठरलेले भाव सार्वजनिक असावेत आणि ते संशयास्पदरीत्या एकत्र चढत असतील तर चौकशी करण्याचा अधिकार बाजार समिती किंवा स्पर्धा आयोग यांना हेतू सिद्ध न करताही असावा. अन्न, औषध, निवारा आणि रोजगार यांच्या बाबतीत सौदा पक्का होण्यापूर्वी माणसाला थांबविता येईल अशी फट ठेवलीच पाहिजे. ६ मे २०१० रोजी अमेरिकेच्या शेअर बाजारातील निर्देशांक काही मिनिटांत सुमारे १,००० अंकांनी कोसळला आणि लगेच बराचसा सावरला, त्या पडझडीला यंत्रांच्या खरेदीविक्रीचा वेग पुष्कळ अंशी कारणीभूत होता. वेग हा नेहमीच गुण नसतो.

इतके नियम घातल्यास नव्या तंत्राचा गळा घोटला जाईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. नियंत्रणाच्या नावाखाली परवान्यांचे जाळे कसे विणले जाते हे या देशाने पाहिले आहे, आणि बाजार समित्याही त्या दोषापासून मुक्त राहिल्या नाहीत. परंतु येथे मागणी परवान्याची नाही, उघडेपणाची आहे. उघड लिलाव बंधनकारक झाल्याने व्यापार बुडाला नाही. उलट ज्या पेठेत सौदा उघड होतो तिकडे माल अधिक येतो, हा नेहमीचा अनुभव आहे. ज्या यंत्राचा सौदा उजेडात टिकत नाही, त्याची कार्यक्षमता धन्यासाठी नव्हतीच असे समजावे.

वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली देशातील पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. महाराष्ट्राचा शेतमाल पणन कायदा त्यानंतर ७७ वर्षांनी, १९६३ साली झाला. मधल्या काळात रुमालाखाली किती शेतकऱ्यांचा माल कवडीमोल गेला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. यंत्रांच्या बाजाराला इतकी सवलत देणे परवडणारे नाही, कारण तेथे वाईट पायंडे पडावयास पिढ्या लागत नाहीत, एक हंगाम पुरतो. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वर्गांत लिलाव, दलाली आणि सहकार हे धडे अद्याप शिकविले जातात; त्यांना जोडून हा नवा धडाही शिकविला गेला, तर उद्या बाजार समितीत, बँकेत आणि कारखान्याच्या कचेरीत बसणारा तरुण यंत्राने पुढे केलेला आकडा निमूटपणे वहीत उतरविणार नाही. तो आधी पट्टी मागेल.